सार्वजनिक हा शब्द आणि बडोद्याची ग्रंथालये



ग्रंथालयाच्या दारावरच्या पाटीत ‘सार्वजनिक’ हा शब्द बहुधा असतोच. तो रंगवायला रंगाऱ्याला अर्धा तास पुरतो. पण त्या एका शब्दाने संस्थेच्या अंगावर केवढे देणे चढते, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. सर्व जनांत कोण कोण आले? वर्गणी भरणारा आला, हे उघड आहे. ज्याच्याजवळ वर्गणीचे पैसे नाहीत तो आला का? ज्याला अक्षरओळखच नाही तो? घराबाहेर पाऊल टाकण्याची ज्यांना मुभा नव्हती त्या बायका? आणि आले असतील, तर ही वास्तू तुमचीही आहे हे ग्रंथालयाने त्यांना कोणत्या वाटेने कळवले?

हा शेवटचा प्रश्न आज पुन्हा विचारावासा वाटतो, कारण पाटीची जागा आता संकेतस्थळाने घेतली आहे. नव्या गावात राहायला गेलेले कुटुंब ग्रंथालयाच्या दाराशी जाण्याआधी त्याचे संकेतस्थळ पाहते. तिथे ग्रंथालय स्वतःविषयी जे सांगते तेच पुष्कळांच्या लेखी ते ग्रंथालय असते. पण आपण समाजाचे काय लागतो हे ग्रंथालयाने जाहीरपणे सांगण्याची रीत संगणकाबरोबर आलेली नाही. ती आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा सर्वांत भरघोस दाखला बडोद्याचा आहे. म्हणून हे विवेचन बडोद्याभोवतीच फिरणार आहे.

बडोद्याच्या आधी काय होते ते थोडक्यात पाहू. रत्नागिरीचे वाचनालय 1828 सालचे, पुण्याचे 1848 सालचे. पुण्याच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने अशी वाचनालये गावोगाव निघाली. इंग्रज अधिकारी, इंग्रजी शिकलेले कारकून, वकील, शिक्षक आणि एखादा संस्थानिक अशा मंडळींनी ती उभी केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांच्या कागदपत्रांतले शब्द पाहावेत: वर्गणीदार, आश्रयदाते, सभासद. ‘वाचक’ हा शब्द त्या मानाने मागून आला. वर्गणीदार जे देतो त्याच्या मोबदल्यात त्याला पुस्तक मिळते. हा व्यवहार झाला. पुढे 1893 साली ठाण्याला आणि 1898 साली मुंबईला मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली. त्यांनी आपली बांधिलकी भाषेशी सांगितली, मराठी ग्रंथ गोळा करून राखायचे ही. तीही मोठीच गोष्ट होती. मात्र तिच्या केंद्रस्थानी ग्रंथ होता. वाचायला येऊ न शकणारा माणूस अजून कोणाच्याच हिशेबात धरलेला नव्हता.

हैदराबादच्या वाचकांसाठी एक नोंद इथेच करतो. त्या शहरात 1901 साली निघालेले श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय ज्यांनी उभे केले त्यांत कोमरराजू लक्ष्मणराव होते. त्यांचे शिक्षण नागपूरला झालेले आणि मराठीत लिहिण्याइतकी मराठी त्यांना अवगत होती. ग्रंथालयांच्या इतिहासात भाषांच्या भिंती आपण समजतो तितक्या जाड नव्हत्या.

आता बडोदे. सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार 1881 साली मिळाले. 1893 साली त्यांनी अमरेली महालात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून पाहिले आणि 1906 साली ते साऱ्या राज्याला लागू केले. ग्रंथालयांची गोष्ट इथून सुरू होते, हे नीट ध्यानात घ्यावे लागते. चार इयत्ता शिकून शेतावर परतलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर शिकलेले विसरायला त्याला कितीसा वेळ लागणार? राज्याने शाळेवर केलेला खर्च पाण्यात जाणार. म्हणजे बडोद्यातले ग्रंथालय विद्याव्यासंगी मंडळींच्या सोयीसाठी निघाले नाही. सक्तीच्या शिक्षणाचे ते उरलेले अर्धे काम होते. ज्या सरकारने मुलाला बळेच शाळेत बसवले, त्या सरकारवर त्याला पुढे वाचायला देण्याची जबाबदारी आपोआप येते. हा युक्तिवाद इतका सरळ आहे की तो इतरांना का सुचला नाही याचे नवल वाटते. की सुचला, पण खर्चाचा आकडा पाहून विसरला गेला, कोण जाणे.

सरकारच्या आधी एका शिक्षकाने या कामाला हात घातला होता, हेही सांगितले पाहिजे. मोतीभाई अमीन हे चरोतरातले शिक्षक. त्यांनी 1906 च्या सुमारास ‘मित्रमंडळ’ या नावाने खेड्यांत वाचनालये काढायला सुरुवात केली. काही वर्तमानपत्रे, थोडी पुस्तके आणि चार माणसे एकत्र बसतील एवढी जागा, इतकेच त्यांचे भांडवल. पुढे राज्याच्या ग्रंथालय खात्याने त्यांना आपल्यात घेतले आणि खेड्यांतल्या कामाचा भार मुख्यतः त्यांच्यावर राहिला. बडोद्याच्या चळवळीचे श्रेय सांगताना आपली मराठी मंडळी महाराजांपाशी थांबतात आणि गुजराती मंडळी मोतीभाईंपासून सुरुवात करतात, असा माझा अनुभव आहे. दोघांचेही बरोबर आहे. पण दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारा क्वचितच भेटतो.

परदेशच्या प्रवासांत महाराजांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि 1910 साली विल्यम अॅलन्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथल्या ग्रंथालयाचा अनुभव त्यांच्या गाठीला होता. बोर्डेन 1913 पर्यंत राहिले. एवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय मांडले, कटर आणि ड्यूई या दोघांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी पुस्तकांचे वर्गीकरण तयार केले आणि 1911 साली ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग काढला. हिंदुस्थानातला असा हा पहिला वर्ग. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातली सुमारे 20,000 पुस्तके या ग्रंथालयाला दिली. त्यांचे बंधू संपतराव यांचा संग्रहही त्यात आला. पुस्तके मुक्तद्वार पद्धतीने ठेवली होती, म्हणजे वाचकाने स्वतः फडताळापाशी जाऊन पुस्तक हाताळायचे. त्या काळी आपल्याकडे पुस्तके कुलपात आणि किल्ली कारकुनाच्या कमरेला, अशी रीत असताना हे साधे काम नव्हते. ग्रंथालयाचा तुमच्यावर विश्वास आहे, हे सांगण्याचा याहून स्वच्छ मार्ग मला तरी ठाऊक नाही.

पण बडोद्याचे खरे वैशिष्ट्य राजधानीबाहेर आहे. गावाला ग्रंथालय हवे असेल तर गावकऱ्यांनी एक हिस्सा उभा करायचा. तितकाच दुसरा हिस्सा प्रांत पंचायतीने आणि तितकाच तिसरा सरकारने द्यायचा. सरकारी मदतीला वर्षाची मर्यादा होती: प्रांताच्या गावाला 700 रुपये, मोठ्या गावाला 300 आणि खेड्याला 100. हा तिहाईचा नियम म्हणजे अनुदानाची एक तरतूद, असे समजून आपण पुढे जातो. मला तो ग्रंथालयाच्या सामाजिक जबाबदारीचे सर्वांत स्पष्ट निवेदन वाटतो. अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही तो एका वाक्यात समजत होता: तुमचा एक रुपया, पंचायतीचा एक, सरकारचा एक. कोणाचे कोणाकडे काय देणे आहे ते इतके उघड असल्यावर ‘ग्रंथालय ही काळाची गरज आहे’ असली भाषणे लागत नाहीत. ग्रंथालय गावाचे ठरले, कारण गावाने त्यात पैसे घातले होते. आणि सरकारचेही ठरले, कारण गावाने पैसे घातल्यावर सरकारला अंग काढून घेता येत नव्हते.

या नियमात एक खोट होती. ज्या गावाला पहिला हिस्साच उभा करता येत नाही, त्याचे काय? अशा ठिकाणी फिरती पेटी जायची. भक्कम लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवायच्या, ठरावीक मुदतीनंतर परत मागवायच्या आणि नव्या पुस्तकांनी भरून पुन्हा धाडायच्या. ने-आणीचा खर्च राज्य सोसत असे. पेटी गावातल्या शाळामास्तरासारख्या एखाद्या जबाबदार माणसाच्या ताब्यात राही. आपल्याकडे पुढे ग्रंथपेट्यांच्या योजना पुष्कळ निघाल्या, अजून निघतात, आणि दर वेळी ती कल्पना नवीन म्हणून सांगितली जाते.

त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे निरक्षरांसाठी काढलेला विभाग. मॅजिक लँटर्न, दोन डोळ्यांनी पाहायची उठावाची चित्रे आणि पुढे सिनेमाचे यंत्रसुद्धा घेऊन ग्रंथालय खात्याची माणसे खेड्यांत जात आणि खेळ फुकट दाखवत. ज्याला वाचता येत नाही त्याचेही ग्रंथालय काही देणे लागते, ही कल्पना आज शंभर वर्षांनंतरही आपल्या कार्यकारी समित्यांच्या सहज पचनी पडेल असे वाटत नाही. राजधानीत स्त्रियांसाठी वेगळे वाचनालय होते आणि ते स्त्रीच सांभाळत असे. मुलांसाठी पुस्तके, चित्रे आणि खेळ असलेला विभाग होता. ज्या काळात सरदारघराण्यांत पडदा होता, त्या काळात ‘सर्वांना खुले’ एवढेच लिहून बायका आल्या नसत्या. त्यांच्यासाठी वेगळे दार करावे लागले, आणि ते दार केल्यावरच निमंत्रणाला अर्थ आला. चिमणाबाई महाराणींचे स्त्रियांच्या स्थितीविषयीचे इंग्रजी पुस्तक 1911 सालचे, म्हणजे याच दिवसांतले आहे.

हे सगळे लोकांना सांगण्यासाठी खात्याने एक त्रैमासिक काढले. ‘लायब्ररी मिसेलनी’ त्याचे नाव. 1912 साली ते सुरू झाले आणि दशक सरता सरता बंद पडले. ग्रंथालयांना वाहिलेले हे हिंदुस्थानातले पहिले नियतकालिक आणि ते तीन भाषांत निघे: इंग्रजी, गुजराती आणि मराठी. त्यामागे जनार्दन सखाराम कुडाळकर हे होते. बोर्डेनच्या मागून ग्रंथालय खात्याची धुरा त्यांनी वाहिली आणि 1919 साली बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या मागून आलेले न्यूटन मोहन दत्त यांनीही 1928 साली बडोदे आणि तिथली ग्रंथालये यांवर पुस्तक लिहिले. म्हणजे ज्यांनी काम केले त्यांनीच ते काम आकड्यांसह, नियमांसह लिहून छापून ठेवले. आजच्या कोणत्या ग्रंथालयाविषयी असे म्हणता येईल, याचा विचार वाचकांनी आपापल्या गावापुरता करावा.

‘मिसेलनी’च्या तीन भाषांपाशी जरा थांबू या, कारण आपला जिव्हाळ्याचा विषय इथेच आहे. राज्याची बहुसंख्य प्रजा गुजराती होती. खेड्यांतली ग्रंथालये गुजराती, पेट्यांतली पुस्तके प्रामुख्याने गुजराती, आणि तेच योग्य होते. इंग्रजी विभाग बाहेरच्या जगासाठी होता. मग मराठी विभाग कोणासाठी? लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर बडोदे राज्यातले मराठी लोक मूठभर. पण राजघराणे मराठी, सरदार-मानकरी मराठी, कचेऱ्यांतले पुष्कळ अधिकारी मराठी. साहित्य संमेलनही 1909, 1921 आणि 1934 असे तीनदा त्या काळात बडोद्याला भरले. शिवाय महाराष्ट्राने या कामाकडे पाहावे ही इच्छाही असणार. थोडक्यात, मराठीला त्रैमासिकात आणि ग्रंथालयाच्या फडताळांवर जी जागा मिळाली ती आपल्या संख्येच्या कितीतरी पट होती. ती आपण हक्काची मानली. वास्तविक ते अगत्य होते.

हा फरक 1 मे 1949 ला कळला. त्या दिवशी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि आणखी 11 वर्षांनी, पुन्हा 1 मे रोजीच, गुजरात वेगळे झाले. चाळीस वर्षे जे चालले होते ते महाराजांच्या हुकमावर आणि खात्याच्या नियमांवर. कायदा असा नव्हताच. ग्रंथालयांचा पहिला कायदा देशात 1945 साली झाला तो कोल्हापूर संस्थानात. मद्रासचा 1948 चा, महाराष्ट्राचा 1967 चा. ज्या भूमीवर हजारावर ग्रंथालये सयाजीरावांच्या हयातीत उभी राहिली, त्या गुजरातला कायदा मिळायला 2001 साल उजाडावे लागले. काम सर्वांच्या आधी आणि कायदा इतक्या उशिरा, असा हा विचित्र क्रम आहे. मराठी पुस्तके दरवर्षी किती घ्यायची, मराठी वाचकाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे कोणावर बंधन म्हणून कुठेच लिहिलेले नव्हते. त्यामुळे ते सुटले तेव्हा तक्रार करायला आधार राहिला नाही. यात कोणाचा आकस होता असे मला वाटत नाही. ज्याचे देणे लिहून ठेवलेले नसते ते विसरले जाते, इतकेच.

‘सार्वजनिक’ या शब्दाची आणखी एक बाजू आहे, आणि बडोद्याचा गौरव सांगताना ती बहुतेक वेळा गाळली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि 1917 साली करारानुसार राज्याच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. त्यांची पुस्तके घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले होते. कोलंबिया विद्यापीठातून आलेल्या या विद्वानाला साऱ्या शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी म्हणून राहिले. ते कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि ते मुंबईला परतले. साल पाहा. हीच ती वर्षे: ‘मिसेलनी’ तीन भाषांत निघत होते, पेट्या गावोगाव जात होत्या, देशभरातून लोक बडोद्याची ग्रंथालये पाहायला येत होते.

ग्रंथालयाने त्यांना अडवले असे मी म्हणत नाही. राज्याने अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, शिष्यवृत्त्या दिल्या होत्या, हेही खरे. मुद्दा वेगळा आहे. शहर जेव्हा एखाद्याला झोपायला जागा देत नाही, तेव्हा त्या शहरातल्या पाटीवरचा ‘सर्वांसाठी’ हा शब्द त्याने किती खरा मानायचा? ग्रंथालय गावापेक्षा वेगळे राहू शकत नाही. म्हणून तर त्याने निव्वळ दार उघडे ठेवून भागत नाही. आत कोण येत आहे आणि कोण येत नाही, हे मोजावे लागते. बडोद्याने पुस्तकांची देवघेव मोजली, ग्रंथालये मोजली, पेट्या मोजल्या. न आलेल्यांची नोंद ठेवायची रीत मात्र तिथेही पडली नाही.

आता आजचे संकेतस्थळ. गेल्या काही दिवसांत मी जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांची बरीच संकेतस्थळे चाळली. कोणाचे नाव घेत नाही, कारण ती पुष्कळशी सारखीच आहेत. वर इमारतीचे छायाचित्र. मग स्थापनेचे वर्ष, संस्थापकांची नावे, येऊन गेलेल्या थोरांची यादी. कार्यकारी मंडळ पदांसह. एकूण ग्रंथसंख्या. वेळ आणि वर्गणीचे दर. समारंभांची छायाचित्रे तर भरपूर, आणि त्यांत दीपप्रज्वलन हटकून. यात खोटे काही नाही, पण हे सगळे संस्था स्वतःविषयी सांगते आहे. समाजाचे आपण काय लागतो, हे शोधायला गेलो तर ‘उद्दिष्टे’ नावाच्या पानावर ‘वाचनसंस्कृतीचे संवर्धन’ असे दोन शब्द सापडतात. ते पान पुष्कळदा संकेतस्थळ बनले त्या दिवसानंतर कोणी उघडलेले नसते.

तिहाईच्या नियमाशी याची तुलना करून पाहा. तो नियम शेतकऱ्याला सांगत होता की तुला काय द्यावे लागेल आणि तुला काय मिळेल. संकेतस्थळाने वाचकाला तेवढे तरी सांगावे. गेल्या वर्षी किती पुस्तके घेतली, त्यांत मराठी किती. रोज सरासरी किती पुस्तके घरी जातात. वर्गणी परवडत नसेल त्याला काय सवलत आहे आणि ती कोणाकडे मागायची. जिना चढता न येणाऱ्या वृद्धाला पुस्तक घरपोच मिळेल का. अंध वाचकासाठी काही आहे का. नसेल तर ‘नाही’ असे लिहावे, त्यातही प्रामाणिकपणा आहे. आमचा एक सार्वत्रिक गैरसमज असा, की उणे आकडे छापले तर देणगीदार बिथरतात. कुडाळकर आणि दत्त यांनी आकडे छापले, म्हणूनच आज आपल्याला बडोद्याविषयी बोलता येते.

आणि मुख्य गोष्ट भाषेची. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव या गावांत मराठी ग्रंथांचे जुने संग्रह आहेत, काही सरकारी ग्रंथालयांत, काही आपल्यासारख्या संस्थांच्या कपाटांत. त्यांच्या याद्या आता संगणकावर चढत आहेत. पण नोंदी करणाऱ्याला मराठी येत नसते, किंवा यंत्रणा रोमन लिपीची असते. मग एकाच लेखकाचे नाव तीन प्रकारच्या स्पेलिंगांनी तीन ठिकाणी पडते, आणि वाचक देवनागरीत नाव घालून शोधतो तेव्हा ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते. पुस्तक तिथेच असते, कदाचित आपल्याच आजोबांनी दिलेले असते. ते नसल्यासारखे होते. पुढे जागा कमी पडली आणि मागणी नसलेली पुस्तके काढायचे ठरले, की पहिली पाळी त्याच कपाटाची येते.

हे काम कोणा सरकारची वाट न पाहता होण्यासारखे आहे. जुनी यादी समोर ठेवून लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष यांच्या नोंदी देवनागरीत करून ग्रंथालयाला द्यायच्या. बहुतेक यंत्रणा आता देवनागरी स्वीकारतात. एका मोठ्या कपाटाला दोन माणसे आणि एका उन्हाळ्याची सुटी पुरेल. निवृत्त शिक्षक, ज्यांना जुने मोडी-वळणाचे हस्ताक्षरही वाचता येते, आणि त्यांची नातवंडे, ज्यांचे बोट कळफलकावर चालते, अशी जोडी आपल्या घराघरांत आहे. नव्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत व्याख्यानांच्या खाली या कामासाठी एक ओळ मोकळी ठेवावी, अशी विनंती मी कार्यवाहांना केली आहे. नावे त्यांच्याकडे द्यावीत.